नको म्हणण्याची सोय

१९९८ च्या ऑक्टोबरअखेरीस ‘मिच’ नावाचे चक्रीवादळ होंडुरासवर धडकले आणि डोंगरउतारांवरची हजारो घरे चिखलासकट वाहून गेली. पुढची काही वर्षे अमेरिका-कॅनडातून चर्चची मंडळे आणि शाळा-कॉलेजांचे गट तिथे घरे बांधायला येत राहिले. होंडुरासमध्येच राहून काम करणाऱ्या कर्ट व्हर बीक या समाजशास्त्रज्ञाने नंतर या घरांचा हिशेब मांडला. स्थानिक संस्थेने स्थानिक गवंडी लावून बांधलेले घर साधारण दोन हजार डॉलरमध्ये उभे राहत होते. विमानाने आठवड्या-दोन आठवड्यांसाठी आलेल्या परदेशी गटाने बांधलेले तसेच घर, प्रवासखर्च धरून, तीस हजारांवर जात होते. एका घराच्या पैशात पंधरा घरे. त्या घरांत राहायला गेलेल्या कुटुंबांचे पुढे काय झाले, हेही त्याने पाहिले. घर गावच्या माणसांनी बांधले की पाहुण्यांनी, यावरून त्यांच्या आयुष्यात काही फरक पडलेला दिसला नाही. फरक पाहुण्यांत पडला असेल, असे म्हणावे, तर तेही अवघड निघाले. आपण पूर्वीपेक्षा जास्त दान करू लागलो, असे परतलेली मंडळी सांगत होती. देणग्यांच्या नोंदी काही तसे सांगत नव्हत्या.

हा हिशेब २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतरही दर उन्हाळ्यात अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठांतून विद्यार्थ्यांचे गट ग्वातेमाला, केनिया, नेपाळ, कंबोडियाकडे निघतच आहेत. त्यांना मूर्ख किंवा ढोंगी ठरवणे सोपे आहे, आणि गेल्या काही वर्षांत ते फॅशनेबलही झाले आहे. २०१६ मध्ये इन्स्टाग्रामवर आफ्रिकेत ‘सेवा’ करणाऱ्या बार्बी बाहुलीचे खोटे खाते निघाले, तेव्हा लोक पोट धरून हसले. पण विसाव्या वर्षी जगाच्या उपयोगी पडावेसे वाटणे हा काही गुन्हा नव्हे. ज्या वयात ते वाटत नाही, ते वयच वाया गेले म्हणायचे. या सहलींमध्ये जे बिघडते ते विद्यार्थ्यांच्या मनात शोधून सापडणार नाही. सहल ठरवण्याच्या पद्धतीत मात्र ते लख्ख दिसते.

निघण्याआधीची तयारी पाहिली की ते लक्षात येते. सहा महिने आधी निवड होते. मग केक-बिस्किटांची विक्री, नातेवाइकांना पत्रे, ऑनलाइन वर्गणी. पिवळ्या तापाची लस आणि तिचे पिवळे कार्ड, हिवतापाच्या गोळ्या, विमा, आणि काही बरेवाईट झाल्यास विद्यापीठ जबाबदार नाही अशा मजकुराच्या कागदावर सही. एका रंगाचे टी-शर्ट. उकळलेलेच पाणी प्या, रात्री एकट्याने हिंडू नका, अशी एक-दोन व्याख्याने. चांगल्या विद्यापीठात सांस्कृतिक संवेदनशीलतेवर एखादी कार्यशाळा. यातले एकही काम फालतू नाही. मात्र सगळी तयारी जाणाऱ्याच्या सुरक्षिततेची आणि जाणाऱ्याच्या मनाची असते. ज्या गावात वीस तरुण दोन आठवडे उतरणार, तिथे कोणाच्या खोल्या रिकाम्या होणार, स्वयंपाकाला कोण राबणार, दुभाष्या म्हणून कोणता शिक्षक वर्ग सोडून त्यांच्यामागे फिरणार, याचा रकाना कोणत्याच अर्जात नसतो. लग्नघरात ऐन घाईच्या वेळी एखादा हौशी पाहुणा ‘मला काहीतरी काम सांगा’ म्हणून मागे लागतो. त्याला काम शोधून द्यायचे, ते कसे करायचे ते दाखवायचे, आणि शेवटी वा वा म्हणायचे, ही तिन्ही कामे घरच्यांच्याच गळ्यात पडतात.

पिपा बिडल या अमेरिकी लेखिकेने २०१४ मध्ये टांझानियातली अशीच एक गोष्ट लिहिली आणि ती जगभर वाचली गेली. शाळेत असताना ती मैत्रिणींच्या गटाबरोबर एका अनाथाश्रमासाठी वाचनालय बांधायला गेली होती. मुली दिवसभर विटा रचत. रचलेले इतके ओबडधोबड असे, की रात्री गावातले लोक येऊन त्या विटा काढत आणि भिंत नव्याने उभारत. सकाळी मुलींना काही कळू नये, अशा बेताने. ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण मुलींच्या अडाणी हातांना हसून थांबतात. त्या रात्रपाळीच्या माणसांचा विचार करायला हवा. पहिल्याच दिवशी ‘पोरींनो, तुम्हाला हे जमत नाही, राहू द्या’ असे त्यांना का म्हणता आले नाही? कारण उघड आहे. मुलींबरोबर पैसा आलेला होता. मुली नाराज होऊन गेल्या असत्या, तर पुढच्या वर्षीचा गट आणि त्याच्याबरोबरची देणगी दुसऱ्या गावाला गेली असती. खोटे कौतुक करणे ही त्या गावाची गरज होती.

एखादी सेवासहल चांगली की वाईट, हे ठरवताना म्हणूनच एकच प्रश्न आधी विचारावा. यजमानाला नको म्हणता येते का? आलेल्याला परत पाठवता येते का, त्याचे काम नापास करता येते का, आणि तसे केल्यावरही यजमानाचे काही नुकसान होत नाही ना? हेतू किती शुद्ध, विद्यार्थ्यांना किती शिकायला मिळाले, फोटो काढले की नाही, हे सगळे नंतर.

ही गोष्ट उघडपणे बोलला तो इव्हान इलिच. मेक्सिकोतल्या क्वेर्नावाका इथे केंद्र चालवणाऱ्या या धर्मगुरू-विचारवंताला १९६८ च्या एप्रिलमध्ये अशाच अमेरिकी विद्यार्थ्यांसमोर बोलायला बोलावले होते. उन्हाळ्यात मेक्सिकोच्या खेड्यांत काम करायला जाणारी ही मुले होती. इलिचने त्यांना तोंडावर सांगितले, की येऊ नका. भाषा येत नसलेल्या गावात तुम्ही काय करून ठेवता हे तुम्हाला कळणारसुद्धा नाही, आणि गावकऱ्यांना तुम्हाला ते सांगता येणार नाही. गरिबांसाठी काम करायचेच असेल तर आपल्याच देशात करा. तिथे निदान समोरचा माणूस तुम्हाला तुमच्याच भाषेत चालते व्हा म्हणू शकेल. मेक्सिकोत यायचे तर फिरायला या, डोंगर चढा, अभ्यास करा, पण मदत करायला येऊ नका. भाषण कठोर होते आणि आज पन्नासहून अधिक वर्षांनी अनेक विद्यापीठांत ते निघण्यापूर्वी वाचायला देतात. वाचून मुले अस्वस्थ होतात, चर्चा करतात आणि ठरलेल्या तारखेला विमानात बसतात. इलिचला याचे फारसे आश्चर्य वाटले नसते. तो स्वतः १९७८ च्या जानेवारीत सेवाग्रामला आला होता. एका परिषदेचे उद्घाटन करायचे होते. बापूकुटीत बसून आपण काय शिकलो, यावर तो तिथे बोलला. सांगायला नव्हे, पाहायला जाण्याचा सल्ला त्याने स्वतःलाही लावला होता.

मात्र नकाराची सोय असली तर परदेशी सेवेचे काय होते, हे इलिचच्या आधीच दिसून गेले होते. १४ ऑक्टोबर १९६० च्या रात्री दोन वाजता जॉन केनेडी अ‍ॅन आर्बरला मिशिगन विद्यापीठाच्या पायऱ्यांवर उभे राहिले आणि ताटकळलेल्या विद्यार्थ्यांना त्यांनी विचारले, की तुमच्यातले किती जण घानासारख्या देशात जाऊन काम करायला तयार आहात? पुढच्या मार्चमध्ये अमेरिकी स्वयंसेवक परदेशी पाठवणाऱ्या पीस कोअरची स्थापना झाली. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नायजेरियात इबादानला एका तरुण स्वयंसेविकेने मित्राला लिहिलेले पोस्टकार्ड वाटेत पडले. तिथल्या राहणीची तिने त्यात नाक मुरडून वर्णने केली होती. कार्ड नायजेरियन विद्यार्थ्यांच्या हाती लागले, त्याच्या प्रती निघाल्या, सभा झाली आणि या स्वयंसेवकांना परत पाठवा अशी मागणी झाली. मुलीने माफी मागितली आणि ती मायदेशी परतली. वॉशिंग्टनमध्ये हा मोठा आपत्प्रसंग मानला गेला. खरे तर पीस कोअरच्या पहिल्या वर्षातले ते सर्वांत उपयुक्त शिक्षण होते. कारण इबादानचे विद्यार्थी पाहुण्यांच्या देणगीवर अवलंबून नव्हते. त्यांचा देश वर्षापूर्वीच स्वतंत्र झाला होता, विद्यापीठ त्यांचे होते आणि पाहुण्यांना उत्तर देण्याइतकी इंग्रजी त्यांना येत होती.

भारतानेही पीस कोअरला आधी या म्हटले आणि नंतर पुरे म्हटले. १९६१ मध्ये पंजाबात पहिली तुकडी आली, १९७६ मध्ये काम बंद झाले. मधल्या काळात कुक्कुटपालनापासून शिक्षणापर्यंत अनेक कामांवर नुकतेच पदवीधर झालेले तरुण नेमले गेले, आणि विशीतल्या पोराने पिढ्यान् पिढ्या शेती करणाऱ्याला शेतीबद्दल काय सांगावे, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. त्याच काळात पीस कोअरमार्फतच विक्रोळीला अडुसष्ट वर्षांच्या लिलियन कार्टर आल्या. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या जिमी कार्टर यांच्या त्या आई. १९६६ ते १९६८ या काळात त्यांनी गोदरेजच्या वसाहतीत काम केले. आधी कुटुंबनियोजनाचे, आणि ते मनाला न पटल्यावर दवाखान्यातले. त्या शिकलेल्या परिचारिका होत्या, हाताखालून कित्येक रुग्ण गेलेले होते, आणि मुक्काम दोन आठवड्यांचा नव्हता. काम येत असलेला माणूस आणि काम शिकायला आलेला माणूस यांच्यात सेवासहलीचे आयोजक जो फरक पुसून टाकतात, तो विक्रोळीच्या कामगारांना आपोआप कळला असणार.

ज्यांना नको म्हणताच येत नाही असे यजमान म्हणजे लहान मुले. अनाथाश्रमात दोन आठवडे मुलांबरोबर खेळायचे, हा सेवासहलींचा सर्वांत लोकप्रिय प्रकार राहिला आहे. लिंडा रिश्टर आणि एमी नॉर्मन यांनी २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या संदर्भात दाखवले, की आधीच तुटलेल्या मुलाला दर पंधरा दिवसांनी नवी ताई, नवा दादा मिळतो, जीव लागतो आणि तो निघून जातो. हे पुन्हा पुन्हा होणे मुलाच्या घडणीला घातक ठरते. कंबोडियात तर मागणीने पुरवठाच तयार केला. २००५ मध्ये तिथे दीडशेच्या आसपास अनाथाश्रम होते, २०१० मध्ये अडीचशेच्या वर. या काळात देशात अनाथ मुले वाढावीत अशी साथ आली नव्हती की युद्ध झाले नव्हते. वाढले होते ते पर्यटक. आश्रमातल्या चार मुलांपैकी तिघांचे आई किंवा वडील हयात होते, असे युनिसेफच्या मदतीने झालेल्या पाहणीत आढळले. शिक्षणाच्या आशेने गरीब आईबाप मूल आश्रमात ठेवत, आणि पाहुणे आले की ते मूल नाच करून दाखवी. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरुद्धचा कायदा केला तेव्हा या प्रकाराची दखल घेतली. तोवर किती सद्‌हेतू विद्यार्थ्यांनी या व्यवहाराचे भाडे भरले, ते मोजायला कोणी बसलेले नाही.

वैद्यकीय सहलींची तऱ्हा वेगळी, पण गाठ तीच. वैद्यकीय शाखेत प्रवेशसुद्धा न मिळालेली मुले परदेशी दवाखान्यात टाके घालतात, इंजेक्शने देतात, बाळंतपणात हात घालतात. अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने २०११ मध्ये त्यांच्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सार साधे: जे काम आपल्या गावच्या रुग्णालयात तुम्हाला करू दिले नसते, ते दुसऱ्याच्या देशातही करू नका. मिनेसोटा विद्यापीठाने याच धर्तीवर ऑनलाइन कार्यशाळा तयार केली आणि तिच्या शेवटी विद्यार्थ्याकडून प्रतिज्ञा घेतली जाते. यावर नेहमीचा युक्तिवाद असा, की तिथे डॉक्टरच नाहीत, मग काहीच नसण्यापेक्षा शिकाऊ हात बरा. हा युक्तिवाद कोणी स्वतःच्या आईच्या बाबतीत करत नाही. शिवाय ज्या रुग्णाकडे दुसरा पर्याय नाही, त्याच्या संमतीला संमती म्हणायचे का, हा वैद्यकाच्या नीतिशास्त्रातला जुना आणि कठीण प्रश्न दोन आठवड्यांच्या मुक्कामात सुटत नाही.

मग मुलांनी घरीच बसावे का? इलिचचे म्हणणे टोकाचे होते आणि इतिहास त्याला पूर्ण दुजोरा देत नाही. पिएर सेरेसोल या स्विस शांततावाद्याने १९२० मध्ये पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या व्हेर्दूनजवळच्या गावात स्वयंसेवकांची पहिली छावणी भरवली. १९३४ चा बिहारचा भूकंप झाल्यावर तो मोजक्या सहकाऱ्यांसह इकडे आला आणि गावे पुन्हा वसवण्याच्या कामात राहिला. फरक इतकाच, की त्या कामाची सूत्रे राजेंद्रप्रसादांसारख्या इथल्या लोकांच्या हाती होती. आलेला पाहुणा कोणाच्या तरी हाताखाली होता. कोलोराडो विद्यापीठातल्या बर्नार्ड अमादेई यांनाही २००० मध्ये बेलीझमधल्या सान पाब्लो गावाने बोलावून घेतले होते. तिथल्या मुलींचा दिवस पाणी वाहण्यात जात होता. अमादेई पुढच्या वर्षी विद्यार्थ्यांना घेऊन गेले, धबधब्याच्या जोरावर चालणारा पंप बसवला, आणि त्यातून अमेरिकेतली ‘इंजिनिअर्स विदाउट बॉर्डर्स’ उभी राहिली. ही संस्था एका गावाशी किमान पाच वर्षांची बांधिलकी मागते. याच नावाच्या कॅनडातल्या संस्थेने त्याहून धाडसी गोष्ट केली. २००८ पासून ती आपल्या फसलेल्या कामांचा वार्षिक अहवाल छापू लागली. बंद पडलेले प्रकल्प, चुकीचे अंदाज, सगळे नावानिशी. देणगीदार पळतील अशी भीती होती, पळाले नाहीत.

महाराष्ट्रात मात्र याहून चांगले उदाहरण आहे आणि ते जामखेडला आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. खेड्यातल्या बायकांना, त्यातल्या अनेक निरक्षर, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. गेली कित्येक वर्षे परदेशी विद्यापीठांतले वैद्यकीय आणि सार्वजनिक आरोग्याचे विद्यार्थी तिथे येतात, आणि शिकवणाऱ्यांत या सेविका असतात. गरोदर बाईला कोणत्या प्रश्नाने बोलते करायचे, सासूला कसे वळवायचे, कोणत्या वस्तीत कोणाच्या हातचे पाणी प्यायल्याशिवाय दार उघडत नाही, हे जॉर्जियातल्या किंवा मेलबर्नमधल्या प्राध्यापकाला सांगता येणार नाही. पाहुणा फी भरतो, बसून ऐकतो, चुकला तर त्याला चुकला म्हणून सांगतात. गरीब गाव आणि श्रीमंत विद्यार्थी हेच दोघे, पण देणारा-घेणारा उलटे झाले, की कौतुकाचे नाटक कोणाला करावे लागत नाही.

पुण्यालाही हे ठाऊक आहे. अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतल्या छोट्या कॉलेजांच्या एका संघाने १९६९ च्या सुमारास पुण्यात विद्यार्थी पाठवायला सुरुवात केली आणि तो उपक्रम दशकानुदशके चालला. मुले पुणेरी कुटुंबांत राहत आणि मराठी शिकत. पुणेरी यजमानाला नको म्हणणे कधी जड गेले नाही, हे वेगळे सांगायला नको. आंबेडकरी चळवळीच्या अभ्यासक एलिनॉर झेलियट या उपक्रमाशी जोडलेल्या होत्या, तशाच मॅक्सीन बर्नसनही. मॅक्सीनबाई साठच्या दशकात फलटणला आल्या त्या मराठी बोलीवर संशोधन करायला. गावाचे भले करायला नव्हे. बोली ऐकता ऐकता शाळेबाहेर राहिलेली दलित वस्तीतली मुले दिसली. त्यांना लिहायला-वाचायला शिकवणे सुरू झाले, त्यातून प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा उभी राहिली. (ज्यांच्या नावाने शाळा आहे त्या कमलाबाईही जन्माने अमेरिकनच.) मॅक्सीनबाईंनी भारताचे नागरिकत्वही घेतले. आधी भाषा, मग वर्षानुवर्षे शेजार, मग काम, असा तो क्रम होता. सेवासहलीत काम पहिल्या सोमवारी सकाळी नऊ वाजता सुरू होते.

सगळ्यांनी फलटणकर व्हावे, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. पण क्रम बदलता येतो. प्रिन्स्टनने २००९ पासून नव्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षाआधी नऊ महिने परदेशी पाठवणे सुरू केले. पहिल्या चार ठिकाणांत वाराणसी होते आणि मुले तिथल्या घरांत राहून हिंदी शिकत. प्रिन्स्टनकडे पैसा आहे, हे खरे. पण जी विद्यापीठे वीस जणांच्या दोन आठवड्यांवर खर्च करतात, त्यांना त्याच पैशात दोघांना सहा महिने पाठवता येईल. दुभाष्याशिवाय बाजारहाट करण्याइतकी भाषा आल्याखेरीज तिकीट निघणार नाही, असा नियम करता येईल. यजमान संस्थेने विद्यार्थ्याला गुण द्यावेत आणि ते गुणपत्रिकेत यावेत. देणगी आणि विद्यार्थी ही दोन पाकिटे वेगळी ठेवावीत, म्हणजे एक नाकारले तरी दुसरे बंद होणार नाही. शेवटची गोष्ट सगळ्यात स्वस्त आहे आणि विद्यापीठे ती सगळ्यात शेवटी करतील, कारण मग कोणती गावे खरोखर बोलावतात ते उघडे पडेल.

हे नुसते गोऱ्यांना सुनावण्याचे काम नाही. मुंबई-पुण्याची मुलेही आता ‘आयसेक’सारख्या संस्थांमार्फत सुट्टीत परदेशी स्वयंसेवेला जातात. आणि परदेशी न जाणाऱ्यांसाठी १९६९ पासूनच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर आहेच. गावच्या शाळेत मुक्काम, सकाळी ग्रामसफाई, संध्याकाळी हुंडाबंदीवर पथनाट्य. यातून काही मुलांना गाव पहिल्यांदा दिसते, ही मोलाची गोष्ट. पण आपले अंगण रोज झाडणाऱ्या बाईला शहरातल्या मुलांकडून स्वच्छतेवर पथनाट्य बघावे लागते, तेव्हा तिला तरी कुठे नको म्हणता येते? सरपंचाचे पत्र लागते, ते मिळते.

ज्यांना नकाराची सोय होती त्यांनी ती कशी वापरली, याचा एक दाखला अमेरिकेतच आहे. पीस कोअर ऐन भरात असताना १९६७ च्या सुमारास एक उलटी योजना निघाली. आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेतून तरुण स्वयंसेवक अमेरिकेत आणायचे आणि तिथल्या गरीब वस्त्यांत, शाळांत त्यांना काम द्यायचे. थोडे स्वयंसेवक आलेही. पण आपल्या देशाला बाहेरच्यांच्या मदतीची गरज आहे, ही कल्पनाच काँग्रेसमधल्या काही सदस्यांच्या पचनी पडली नाही. पैसा अडवला गेला आणि काही वर्षांतच योजना गुंडाळली गेली. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशाला नको म्हणायला वॉशिंग्टनमधली अंदाजपत्रकावरची चर्चा पुरली.